छोट्या बेटावरची हाक

"डावीकडे! अजून थोडं डावीकडे! आता सरळ!"

डोळ्यांवर टॉवेल बांधलेला प्रोफेसर कयाकच्या अरुंद होडीत बसून हवेत वल्हं मारत होता. कयाक चाकांच्या गाड्यावर, गाडा बोटघराच्या फरशीवर, आणि फरशीवर खडूने काढलेला अख्खा समुद्र! मागून गाडा ढकलत होती ताई. प्रोफेसर म्हणेल तिकडेच ढकलायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. हा नियम ताईला फार जड जात होता.

प्रोफेसर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जाड चष्मा आणि त्याहून जाड पुस्तकं, म्हणून प्रोफेसर. सगळ्यात लहान बहीण पिल्लू. सुट्टीत तिघं मामा-मामीकडे आली होती. मामी लोकांना कयाक चालवायला शिकवायची, आणि उद्या ती या तिघांना घेऊन समोरच्या मोठ्या बेटावर जाणार होती.

पण आधी जमिनीवरची फेरी! ही मामाची पद्धत. पाण्यात उतरण्याआधी बोटघरात डोळे बांधून सगळी वाट एकदा करून पाहायची, कारण समुद्रावर धुकं कधी उतरेल याचा नेम नसतो. मग उरतात फक्त कान. वाटेत शिट्टीचा बोया असायचा. साखळीने तळाशी बांधलेला, लाटेवर वरखाली झाला की आपोआप हूऽऽ करणारा लोखंडी बोया. तो उजव्या हाताला ठेवून त्याच्या अगदी जवळून जायचं. फार डावीकडे गेलं तर प्रवाह ओढून नेतो, आणि बोयाच्या पलीकडे उजवीकडे छोट्या बेटाचे खडक.

आज बोया झाली होती पिल्लू आणि छोटं बेट झाली होती उपडी बादली.

"हूऽऽ! हूऽऽ!" पिल्लू खडूच्या फुलीवर उभी राहून ओरडत होती.

"शिट्टी उजवीकडे," प्रोफेसर ऐटीत म्हणाला. "जवळून जाऊ या. जरा उजवीकडे घे. अजून उजवीकडे…"

धाडकन आवाज झाला! बादली गडगडत भिंतीपर्यंत गेली आणि प्रोफेसर वल्ह्यासकट फरशीवर आला.

"बुडालास! थेट खडकावर!" ताईला हसू आवरेना.

"शक्यच नाही! शिट्टी माझ्या उजव्याच हाताला होती!" प्रोफेसरने टॉवेल ओढून काढला. "पिल्लू! तू तिथे काय करतेयस?"

पिल्लू बादलीच्याही पलीकडे, बिस्किटांच्या डब्यापाशी उभी होती. तोंडात बिस्कीट.

"मी हू करतच होते," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "फक्त जरा इकडे येऊन करत होते."

तिघं पोट धरून हसली आणि मग एकदम गप्प झाली, कारण दारात मामा उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब उरला नव्हता.

"मीपण हेच म्हणालो होतो," तो हळूच म्हणाला. "शिट्टी माझ्या उजव्याच हाताला होती."

तेवढ्यात समुद्राकडून तो आवाज आला. लांब, घोगरा, कुणीतरी खोल विहिरीतून हाक मारावी तसा. हूऽऽऽऽ… मामाने कानांवर हात ठेवले आणि तो घरात निघून गेला. पिल्लूच्या हातातलं बिस्कीट खाली पडलं.

गेल्या सुट्टीनंतरची गोष्ट. मामा आणि त्याचा जिवलग मित्र, मुलांचे हसरेकाका, मोठ्या बेटावर निघाले होते. अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. दोघांच्या कयाक छोट्या बेटाच्या खडकांवर आपटल्या. मामा वाचला. हसरेकाका परत आले नाहीत. मामाची दिशा चुकली, असं सगळं बंदर म्हणालं, आणि कुणापेक्षाही मोठ्याने ते मामा स्वतःला म्हणत राहिला. तेव्हापासून त्याने पाण्यात पाय घातला नव्हता. आणि तेव्हापासूनच भरती चढू लागली की छोट्या बेटावरून ही हाक यायची. हसरेकाका मामाला बोलावतात, असं लोक कुजबुजायचे. त्या बेटाकडे कुणीच फिरकायचं नाही.

मुलं धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"तो खरा बोया कुठे गेला?" ताईने विचारलं.

"बुडाला की! माझ्या डोळ्यांदेखत!" उत्तर आलं ते मागून. पर्यटकांना फिरवणारा लाँचवाला आपली लाँच बांधत होता. "अपघातानंतर वादळ झालं ना, त्यात जागच्या जागी गडप! मीच मग तिथे प्लास्टिकचं पिंप बांधलं. कुणाला तरी काळजी नको का? आणि पोरांनो, छोट्या बेटाकडे बघूसुद्धा नका. तिथलं काही चांगलं नाही!"

तो गेल्यावर ताईने डोळे मिटले आणि ती पायरीवरच हळूहळू उजवीकडे सरकू लागली. हे इतकं नवलाचं होतं, की प्रोफेसरने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"प्रोफेसर, तू बादलीवर का आपटलास?"

"मी नाही आपटलो! पिल्लूने जागा सोड…" त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"समजा, बोयाने जागा सोडली असेल तर? अपघाताच्या आधीच?"

"मामाला सांगू या!" पिल्लू उठलीच.

ताईने तिचा फ्रॉक धरून तिला खाली बसवलं. "नाही. आपला अंदाज चुकला तर मामा पुन्हा कोलमडेल. आधी बघायचं, मग बोलायचं."

त्यांनी मामीला मात्र सगळं सांगितलं. मामीने सगळं ऐकून घेतलं. मग ती खडूच्या समुद्रापाशी बसली आणि तिने वाट थोडी बदलली.

"खडकांच्या जवळ जायचं नाही. इथे, एवढ्या लांब थांबून दुर्बिणीतून बघायचं. वारा वाढला तर जायचंच नाही. ओहोटी संपून पाणी थबकलं की निघू. बंदरावर सांगून जायचं, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, आणि कुणीही 'परत' म्हणालं की सगळ्यांनी वळायचं. का, कशाला, विचारायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

सकाळ स्वच्छ होती. पाणी इतकं शांत, की वल्ह्यावरून गळणारे थेंब ऐकू येत होते. मामी आणि पिल्लू एका कयाकमध्ये, ताई आणि प्रोफेसर दुसरीत. बोयाच्या जुन्या जागी लाँचवाल्याचं पिंप मुकाट्याने डुलत होतं. उजवीकडे छोटं बेट. काळे खडक आणि त्यांच्यावर एकही पक्षी नाही.

ठरल्या जागी सगळे थांबले. पाणी चढायला लागलं होतं.

हूऽऽऽऽ…

इथे तो आवाज पाण्यातून येऊन कयाकच्या तळाला भिडत होता. ताई काळ्या खडकांकडे बघत राहिली. ही हाक खरंच हसरेकाकांची असली तर? त्यांनी तिला पोहायला शिकवलं होतं. 'परत' हा शब्द अगदी जिभेवर आला. तिने मागे वळून प्रोफेसरकडे पाहिलं, तर त्याने गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. पण तोही 'परत' म्हणाला नाही.

मामीने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"लाल आहे काहीतरी," ती म्हणाली. "कपारीत. अगं, हा तर आपला बोया! पाणी आत शिरतंय आणि शिट्टीच्या नळीतून हवा बाहेर पडतेय. बघ, ताई!"

ताईने पाहिलं. गंजलेला, वाकडा होऊन अडकलेला बोया. खाली साखळीचा तुटका तुकडा. आणि वरच्या कडीला घट्ट बांधलेली नारिंगी दोरी! मामीने मोबाइलवर जमेल तेवढा मोठा करून फोटो काढला, आणि सगळे मुकाट्याने ठरल्या वाटेने परतले. वाटभर ती हाक मागून येत होती, पण आता तिची भीती वाटत नव्हती, नुसतं वाईट वाटत होतं.

धक्क्यावर बंदरमास्तर चहा पीत उभे होते. शेजारी लाँचवाला पर्यटकांना जोरजोरात बोलावत होता. मामाही आला होता. सगळे सुखरूप परत आले का, हे मोजायला.

"बंदरमास्तर, बोया सापडला! छोट्या बेटाच्या कपारीत!" ताई धापा टाकत म्हणाली. मग तिने प्रोफेसरला कोपराने ढोसलं.

"आणि त्याला निळी दोरी बांधलेली आहे," प्रोफेसर ठरल्याप्रमाणे भोळा चेहरा करून म्हणाला. "निळ्या दोऱ्या बंदराच्याच लाँचवर असतात ना? म्हणजे त्यांनीच बोयाला लाँच बांधली आणि साखळी तुटली!"

"आमच्या लाँचने?" बंदरमास्तरांचा चहा सांडला.

लाँचवाल्याचा चेहरा एकदम खुलला. "बरोबर! निळीच दोरी! मी स्वतः पाहिलं ना, यांच्याच लाँचने हिसका दिला आणि बोया निघाला वाहत!"

"पण काका," ताई शांतपणे म्हणाली, "तुम्ही तर तो वादळात जागच्या जागी बुडताना पाहिला होता!"

लाँचवाला दोन पावलं मागे सरकला. मामीने फोटो पुढे धरला. फोटोत नारिंगी दोरी, आणि समोर धक्क्याला बांधलेल्या त्याच्या लाँचचीही नारिंगीच दोरी!

"नांगर टाकायचा कंटाळा यायचा," तो अखेर पुटपुटला. "पर्यटक मासे धरत बसायचे, तेवढा वेळ लाँच बोयाला बांधायचो. त्या सकाळी साखळी तुटली, आणि मी दोरी तशीच सोडून निघालो. सांगितलं असतं तर लाँच बंद केली असती."

"त्या सकाळी?" मामा पुढे आला. त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "आम्ही निघायच्या आधी?"

लाँचवाल्याने मान खाली घातली. "आधी."

मामा तिथेच पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मामीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पिल्लूही त्याला बिलगून बसली.

"त्याची चूक नव्हती, मामी," ताई डोळे पुसत म्हणाली. "तो बरोबर चालला होता."

बंदरमास्तरांनी लाँचवाल्याची किल्ली काढून घेतली आणि त्याला कचेरीत नेऊन बसवलं. मग ते मुलांकडे वळले. "शाबास! जे आम्ही करायचं, ते तुम्ही केलंत. मी त्याच्या शब्दावर विसंबलो, एकदाही जाऊन पाहिलं नाही. याबद्दल मलाही जाब द्यावा लागेल, आणि मी देणार आहे."

"खरं तर मी जागा सोडली म्हणून सगळं कळलं!" पिल्लू म्हणाली.

"बिस्किटासाठी!" प्रोफेसर म्हणाला, आणि रडता रडता मामा हसला.

सुट्टी संपायच्या आत बोया दुरुस्त होऊन आपल्या जागी, नव्या साखळीला बांधला गेला. छोटं बेट गप्प झालं. शेवटच्या रविवारी तीन कयाक मोठ्या बेटाकडे निघाल्या. तिसरीत एकटा मामा होता.

बोया जवळ आला. हूऽऽ! हूऽऽ! मामाने वल्हं मांडीवर ठेवलं, डोळे मिटले आणि तो ऐकत राहिला. सगळ्यांची वल्ही थांबली. मामाने तोंड उघडलं, तसा ताईने श्वास रोखला. तो 'परत' म्हणाला असता तर कुणीही का म्हणून विचारलं नसतं.

"उजव्या हाताला," मामा म्हणाला. मग त्याने डोळे उघडले. "चला, पुढे!"