'तानसा'ची घंटा

'तानसा' युद्धनौकेची घंटा खाडीतून काढायची, एवढ्यासाठी १९५३च्या माघात आम्ही तिघं ठाण्याहून होडीनं निघालो: आमचे हे, मिठागरातला भिवा आणि मी. मी कशाला? यांना एकटं चिखलात सोडणारी बायको मी नव्हे, म्हणून!

हे म्हणजे लेफ्टनंट गुप्ते. महायुद्धात चार वर्षं 'तानसा'वर. ब्रह्मदेशच्या किनाऱ्याजवळ बाँब पडला, अकरा खलाशी गेले. तरी जळती नौका यांनी बंदराला आणलीच! त्या अकरांची नावं घंटेवर कोरली गेली. पुढे नौका मोडीत निघाली आणि घंटा नेणारा मालवाहू पडाव डोंबिवलीजवळ खाडीत उलटला. ठाण्यात टेंभी नाक्यावरच्या कमळाबाईंचा दगडू त्या अकरांतलाच. "माज्या लेकाचं नाव कुटं लिवलंय का, सायेब?" त्या भेटतील तेव्हा विचारायच्या. यांची मान खाली जायची.

यांच्या खिशात मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक होतं. आठला पूर्ण ओहोटी, मग दुपारपर्यंत वेळच वेळ! आठला पोचलो, तर पाणी कमरेएवढं. चिखल उघडा पडायला साडेनऊ वाजले.

"सायब, मुंबयचं पानी न आमचं पानी येक नाय," भिवा म्हणाला. "वहटी रेंगालते, भरती धावत येते."

"आरमाराचं कोष्टक आहे, भिवा!"

झालं! फळ्या टाकत आम्ही चिखलात उतरलो. तिवरांच्या मुळांनी पोटऱ्या सोलल्या. हे कमरेपर्यंत रुतले, तेव्हा मी लुगडं खोचून यांना कॉलर धरून ओढलं. शेवटी भिवाची पहार ठणकली. घंटा! हिरवी पडलेली, अर्धी गाडलेली, पण नावं शाबूत. हे तिला मिठी मारून ढसाढसा रडले.

दोर बांधला. ओढला. हलेना! तोच पाणी आलं. घोटे. गुडघे!

"सोरा तिला!" भिवा ओरडला.

"माझी माणसं पुन्हा पाण्यात सोडू?"

मी भडकलेच. "कमळाबाईंना पितळ नकोय, नाव हवंय! सदरा काढा!"

आरमाराचा पांढरा सदरा मुद्दाम घालून आले होते. तो आम्ही अक्षरांवर ताणला आणि वरून तळव्यानं चिखल घासला. एकेक नाव उमटू लागलं. अकरावं उमटलं आणि घंटा बुडाली. सदरा यांनी डोक्यावर उंच धरला आणि छातीभर पाण्यातून भिवानं आम्हाला होडीत ओढलं.

"कोष्टक?" मी विचारलं.

यांनी ते खाडीत फेकलं.

संध्याकाळी टेंभी नाक्यावर यांनी कमळाबाईंचं बोट दगडूच्या नावावर ठेवलं. मग उघड्याबंब, चिखलानं माखलेल्या अंगानं ताठ उभे राहून त्यांना सलाम ठोकला. अभिमानानं माझा ऊर भरून आला.

"धुऊ नगा, सायेब," त्या म्हणाल्या.

जन्मभर मी यांचे सदरे धुतले. हा एक मात्र कमळाबाईंच्या देवांशेजारी तसाच मळका टांगलेला आहे.