चाचपडणारा हात

गोठ्यात शिरण्याआधी यामिनी शेंडगेने उजव्या हाताला हस्तस्मृतीचा पट्टा बांधला आणि त्यावरून खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला हा पट्टा सगळ्यांनाच मिळे. निष्णात पशुवैद्यांच्या स्नायूंच्या हालचाली त्यात साठवलेल्या असत. सौम्य विद्युत्‌संकेत देऊन तो नवख्याच्या हाताकडून नेमक्या त्याच हालचाली करवून घेई.

सगुणाबाईंची खिलार गाय सकाळपासून अडली होती. यामिनीने हात आत घातला. बोटं आपोआप वळली, मनगट फिरलं, आणि बघता बघता कालवड गवतावर आली.

"छान," तिचे मार्गदर्शक डॉ. इनामदार म्हणाले. "कशी होती आत?"

आत काय झालं होतं, ते यामिनीला खरंच सांगता येईना.

"सर, मला काही कळलंच नाही. हातानं केलं सगळं."

एवढ्यात गाय पुन्हा कण्हली. इनामदारांनी तिच्या पोटावर हात ठेवला. "जुळं आहे. घाल हात."

यामिनी थबकली. "सर, पट्टा नुसता माझ्या हालचाली नोंदवायला ठेवू? संकेत बंद करून?"

"वेळ लागेल. त्रास गाईला होईल," इनामदार म्हणाले. "त्यांना विचार."

सगुणाबाई गाईच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. "पट्टा नसला तर जमंल का पोरीला?"

"मी शेजारीच आहे. अवघड वाटलं तर लगेच चालू करू," इनामदार म्हणाले.

"मग करू दे. पर गाईला लई दमवू नका."

यामिनीने संकेत बंद केले. हात एकदम तिचा, जड आणि अनोळखी झाला. आत ऊब होती, बुळबुळीतपणा होता. दोन खूर लागले. "पण डोकं कुठे, सर?"

"मला विचारू नकोस, शोध," इनामदार म्हणाले.

कळ आली की गाईचे स्नायू तिचा हात पिळून काढत. कळ ओसरली की ती पुन्हा चाचपडे. एकदा तिने कान समजून भलतंच धरलं. एकदा गाय इतकी कळवळली, की पट्टा चालू करावा असं तिला वाटलं. मग बोटांना मानेचा बाक लागला.

"मान मागं वळलीय, सर!"

"मग?"

"आधी वासराला आत ढकलायला हवं. जागा झाली की जबडा धरून डोकं फिरवते."

वासरू बाहेर आलं तेव्हा निपचित होतं. सगुणाबाईंनी गवताच्या बोळ्याने त्याची छाती चोळली. खूप वेळाने ते शिंकलं. गाय मात्र दुपार कलेपर्यंत उठली नाही. ती उभी राहीपर्यंत यामिनी गोठ्यातून हलली नाही.

जीपमध्ये बसताना इनामदारांनी पट्ट्यातली नोंद पाहिली. "ही पट्ट्यांच्या नोंदी जमवणाऱ्या केंद्राकडे पाठवतो. अशा मान वळलेल्या जुळ्याची नोंद कुणाकडेच नाही. पुढच्या पोरांना उपयोगी पडेल."

"जशीच्या तशी?"

"नाही. ते चाचपडणं कापून टाकतात. नेमक्या हालचाली तेवढ्या ठेवतात."

यामिनी दुखरा हात चोळत राहिली. चाचपडणं ठेवलं, तर उद्या कुठल्यातरी गाईला आजच्यासारखंच सोसावं लागेल. कापलं, तर मानेचा तो बाक पुन्हा कुणाच्या बोटांना कळेल का?

"सर," तिने विचारलं, "सगळेच असे न चाचपडता शिकले, तर पुढची नवी नोंद कुणाच्या हाताची असेल?"

इनामदारांनी गाडीच्या किल्लीवरचा हात काढून पट्टा पुन्हा उचलला. नोंद अजून पाठवायची होती; ती कापू द्यायची की नाही, हे अजून ठरायचं होतं.