दार उघडलं तरी फिरणारी ताटली

“पहिले पोहे, मग राजवाडा,” हृषीकेशने प्लॅन पक्का केला. “मामाच्या दुकानात फुकट मिळतात, सोडायचे कशाला?”

त्याच्या बहिणीचं, अनुश्रीचं, लक्षच नव्हतं. सुट्टीत इंदूरला, अन्नपूर्णा भागात मामाकडे आल्यापासून तिला एकच वेड होतं. दुकानातल्या मायक्रोवेव्हपुढे उभं राहायचं. आत पिवळा उजेड, काचेची ताटली हळूहळू फिरतेय, आणि ती घूं घूं. जणू डब्यात कोंडलेला चंद्र झोपेत गुणगुणतोय.

मारुतीमामा स्टॉपचं बटण कधी दाबायचाच नाही. चालू मशीनचंच दार खटकन ओढायचा, पोहे हलवायचा, परत ढकलायचा. दिवसभर तेच.

आत्ताही त्याने दार ओढलं. त्याची छोटी मुलगी संहिता जिरावणाची डबी घेऊन पुढे झाली. पोह्यांवर मसाला भुरभुरायचं काम तिचं. तिने हात आत घातला.

घूं घूं थांबलीच नाही. उघड्या दारात ताटली फिरतच होती.

अनुश्रीने संहिताला मागे ओढलं आणि भिंतीवरचं बटण बंद केलं.

“लाइट गेली का?” मामाने विचारलं.

“मी बंद केली. मामा, दार उघडलं की हे थांबायला पाहिजे ना?”

“अगं, कालच मेकॅनिक अशोकभियाने रिपेअर केलंय. टेंशन नको घेऊ. गिऱ्हाईक उभे आहेत, चल हट.”

हृषीकेशने तोवर प्लगच उपटला आणि सॉकेटला पाठ लावून उभा राहिला. “राजवाडा कॅन्सल,” तो पुटपुटला. “आता काय?”

मामा ऐकणार नव्हता. पण अशोकभिया बाकावर पोहे खात होते, आणि त्यांना स्वतःची तारीफ भारी आवडायची. अनुश्रीने शेगडीपाशी उभ्या अरुंधतीमामीला हाताला धरून तिथे नेलं.

“काका, मायक्रोवेव्हचा रोज फ्यूज उडायचा. तुम्ही एका दिवसात कसं ठीक केलं हो?”

अशोकभिया फुलले. “इसमें क्या है बेटा! दाराशी तीन स्विच असतात. दार उघडलं की दोन लाइन तोडतात. ते चिकटले, तर तिसरा मुद्दाम फ्यूज उडवतो. तुझा मामा चालू मशीनचं दार ओढतो, ठिणग्या पडून दोन्ही चिकटले होते. मी तिसराच काढून टाकला. किस्सा खतम.”

“म्हणजे फ्यूज उडवून ते मशीन आपल्याला थांबा म्हणत होतं,” अनुश्री हळूच म्हणाली. “आणि आता दार उघडलं तरी...”

“चालूच रा...” अशोकभियांनी बोलता बोलता बशी खाली ठेवली.

मामीच्या हातातला झारा तसाच राहिला. “आणि माझी पोरगी त्यात हात घालत होती?”

मामा काउंटर सोडून धावत आला. संहिताचे हात उलटेसुलटे करून त्याने एकेक बोट दाबून पाहिलं. “दुखतंय का गं?”

“नाही. गुदगुल्या होतायत.”

अशोकभिया मान खाली घालून म्हणाले, “नवे स्विच टाकून आणतो. तिन्ही.”

“तुम्ही नाही. कंपनीचा माणूस टाकेल,” मामी म्हणाली आणि पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. आज पोहे वाफेवर, अस्सल इंदुरी.

मामाने अनुश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. “शाबास बेटा. मला वाटायचं, तू नुसती हरवलेली असतेस.”

“हरवलेलीच होते,” ती म्हणाली. “म्हणून तर ऐकू आलं.”