पुरवून वाचायचं पुस्तक

"आयला, ह्याचा पहिला भाग कुनी पळवला?"

लीड्सला, जुन्या पुस्तकांच्या दुकानात, बाहेर पावसाची पिरपिर चाललेली, आजूबाजूला सगळे गोरे... आणि कपाटापलीकडून हे असं अस्सल नगरी ऐकू आलं तर माणूस काय करेल? पहिला भाग माझ्याच काखेत होता. मी तो आणखी घट्ट धरला.

"मी पळवला," मी म्हटलं.

कपाटाआडून एक डोकं वर आलं. ओले केस, मोठे डोळे — त्यांना आधी पुस्तक दिसलं, मग मी.

"गाव?" नाव नाही, गाव विचारलं पठ्ठ्यानं!

"पारनेर. मोनिका."

"मी अमृत. कोल्हारचा." तो हसला. "पारनेरची म्हंजे टँकरच्या पान्यावानी पुरवून पुरवून वाचनार. माझा नंबर कवा लागायचा?"

"आणि तुम्ही नदीकाठचे अधाशी. घटाघट पिऊन मोकळे. मिळायचं नाही, जा!"

मिळालं की हो त्याला. पुस्तक मिळालं आणि मीही.

मी तिकडं केअर होममध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायचे, तो गोदामात खोकी उचलायचा. गावाकडं इंग्रजी म्हणजे गाईड आणि पाठांतर. इंग्रजी मजेसाठी वाचायची असते, हे आम्हा दोघांना परदेशातच कळलं. एक राणी, तिचा म्हातारा ड्रॅगन, जादूची जंगलं, उशीएवढे जाडजूड पाच भाग. जुन्या बाजारातून एकेक भाग हुडकायचा आणि रविवारी धुलाईच्या दुकानात मशीन थांबेपर्यंत शेजारी बसून वाचायचा. एका धुण्याला एक प्रकरण, हा माझा नियम. माझी ओळ संपायच्या आत त्याचं बोट पान उलटायला तयार!

"सावकाश रे, अधाशा!"

"अगं, पन तो ड्रॅगन लांब अडकलाय. घरी पोचला पायजे ना त्यो!"

तिसऱ्या भागाच्या मध्यावर, माझ्या ओल्या ओढणीची घडी घालता घालता त्यानं विचारलं, "मोनिका... लग्न करशील माझ्यासंगं?"

मशीन गरगरत होतं.

"पुस्तक संपल्यावर सांगते."

"अगं बये, पाच भाग हायेत!"

"मग? घाई कसली?"

होकार माझ्याकडं तेव्हाच तयार होता. पण चांगली गोष्ट एका दमात संपवायची नाही, हे आमच्या कोरड्या मुलखानं मला शिकवलेलं. तो दर रविवारी वाट बघायचा, मी दर रविवारी हसायचे, आणि ते सुख मला पुरवून पुरवून हवं होतं.

पाचव्या भागाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं आणि तो बहिणीच्या लग्नाला गावी निघाला.

"पुस्तक दे की," विमानतळावर म्हणाला.

"मुळीच नाही. विमानातच फस्त करशील."

"बरं, ड्रॅगन पोचतो का, तेवढं तरी बघून सांग."

"परत ये. दोन्ही उत्तरं एकदम."

तो उलटा चालत, हात हलवत गेला. मागच्या बाईच्या सामानावर आदळला, तिला सॉरी म्हणाला आणि पुन्हा हलवला हात... वेडा!

लग्न पार पडलं. मग ताप आला. डेंग्यू.

फोन त्याच्या धाकट्या भावाचा, अंगदचा आला. "ताई, तुमीच मोनिका ना? दादा... दादा न्हाई राहिला."

त्याच्या दहाव्याला मी कोल्हारला, प्रवरेच्या घाटावर पोचले. पिशवीत ते पुस्तक. कुणी विचारलं तर सांगत होते, तिकडच्या ओळखीची आहे. घरी पारनेरलाही एवढंच सांगितलेलं. श्रद्धांजलीची भाषणं झाली, भोंगा बंद झाला. पिंड ठेवला. कावळा बाभळीवर बसलेला, पण खाली येईना.

अंगद हात जोडून म्हणाला, "दादा, आईला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. नवी नवरी बहीण पुढं झाली, रडत काहीतरी बोलली. नाही. ऊन चढायला लागलं. लोक घड्याळं बघू लागले. त्याची आई, रंगुबाई, पिंडासमोर बसून म्हणाली, "काय राहिलंय रं लेकरा? आमाला कळंना रं..."

मला कळत होतं. सगळ्या घाटावर एकट्या मला.

इथं तोंड उघडलं की बातमी माझ्याआधी पारनेरला पोचणार, माझं लग्न जमवू पाहणारे मामा डोक्याला हात लावणार. लावू देत. मी पुढं झाले, पुस्तक उघडलं आणि त्याच्यासाठी शेवटचं प्रकरण वाचायला लागले. इंग्रजीत, मोठ्यांदा.

"ही कोन? काय वाचती?" मागून कुजबुज झाली.

रंगुबाईंनी हातानंच सगळ्यांना गप्प केलं. मी वाचत राहिले. शेवटचं पान वाचून झालं, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय हाय गं त्यात?"

"एक ड्रॅगन लांब अडकला होता, मावशी. तो घरी पोचतो का, हे अमृतला जाणून घ्यायचं होतं."

"मंग? पोचला का?"

"पोचला."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी बाभळीकडं पाहिलं. कावळ्यानं मान वाकडी केली, पण जागचा हलला नाही.

"आनिक काय राहिलंय, पोरी?" रंगुबाई हळूच म्हणाल्या. त्यांना उमगलं होतं बहुतेक.

मी पुस्तक मिटलं. सगळा गाव बघत होता.

"अमृत..." मी म्हटलं, "तू विचारलं होतंस ना... व्हय. करीन मी तुझ्यासंगं ल—"

शब्द पुरा होऊ दिला असता तर तो अमृत कसला! फांदी हलली, पंख फडफडले आणि कावळा थेट पिंडावर.

"शिवला, शिवला!" लोक म्हणाले आणि उठायला लागले. रंगुबाईंनी मला ओढून जवळ घेतलं. त्यांच्या खांद्यावरून मला तो दिसत होता, भराभरा, घास गिळायचीही उसंत न घेता खाणारा.

"सावकाश रे..." मी म्हटलं, "सावकाश, अधाशा."