माडवेळची एकदाची पाहुणी

समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या हातात कासवाचं पिल्लू होतं, आणि ते खाली ठेवा म्हणून एक मुलगा माझ्यावर ओरडत होता.

"अहो, ठेवा त्याला! उचलायचं नाही!"

"काऊन? धडपडून राह्यलं ना थे! मी नेऊन सोडते पान्यात."

आमच्या आर्वीच्या घरी गवळाऊ गाय आहे. वासरू धडपडलं की पोटाखाली हात घालून त्याला उभं करायचं, हे मी चालायला लागल्यापासून करत आलेय. माझं काय चुकलं, तेच मला कळेना. तो धावत आला आणि वाळूत गुडघे टेकून बसला.

"त्याला स्वतःच जाऊ द्या. हा किनारा त्याच्या ओळखीचा झाला पाहिजे. मादी मोठी झाली की अंडी घालायला इकडेच परत येते, म्हणतात."

"आन् तुम्ही कोन? तिचे मामा?"

तो हसला. मी पिल्लू खाली ठेवलं. इवलंसं ते पुढे सरकलं, पडलं, परत सरकलं. शेवटी एक लाट आली आणि त्याला घेऊन गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मी त्याच क्षणी गेले कामातून!

त्याचं नाव नागसेन. माडवेळ हे रत्नागिरीकडचं त्याचं छोटंसं गाव. तिथे हॉटेल नाही, किनाऱ्यावर दिवा नाही. पाहुण्यांनी गावातल्या घरांत राहायचं, आपला कचरा आपल्याच पिशवीतून परत न्यायचा. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे एका माणसानं एका हंगामात एकदाच यायचं. गर्दी झाली की कासवं येत नाहीत, म्हणून. हा नियम गावसभेत भांडून कोणी करून घेतला? ह्याच शहाण्यानं.

मी आर्वीत शिकवणीच्या वर्गात भूगोल शिकवते. समुद्र न पाहता पोरांना भरती-ओहोटी शिकवते म्हणून माझी मैत्रीण मेघा मला चिडवायची. तिनंच मार्चमध्ये ओढून नेलं. आम्ही नागसेनच्याच घरी उतरलो होतो. सोलकढी पाहून मी त्याच्या आईला विचारलं, "मावशी, ताकाले रंग काऊन लावला?" तर माउली पदर तोंडाला लावून हसत राहिली. संध्याकाळी तो आम्हाला ओल्या वाळूवरून फिरवायचा. कोरड्या वाळूत घरटी असतात, तिथे पाय द्यायचा नाही. मी मुद्दाम कोरड्या वाळूकडे सरकायचे. मग तो माझ्या बाहीचं टोक, फक्त टोक, चिमटीत धरून मला अलीकडे घ्यायचा...

निघायच्या दिवशी मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात येते मी परत."

"नाही येता येणार."

"मले बी नाई?"

"तुम्हाला तर मुळीच नाही," तो हळूच म्हणाला. "तुमच्यासाठी नियम मोडला तर अख्ख्या गावाला कळेल, का मोडला ते."

हे ऐकून कोणाचा पाय निघेल? पण गाडी कोणासाठी थांबते! मी आर्वीला परतले.

एप्रिलमध्ये आमच्याकडे ऊन असं तापतं की कुलरसुद्धा गरम वारा फेकतो. मी त्या वाऱ्यात बसून खारा वास आठवायचे. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. तो फोन लाटांकडे धरायचा आणि बोलायचा नाही. एकदा मीही आमच्या एसटी डेपोवर उभी राहून फोन गाड्यांकडे धरला. कंडक्टर ओरडत होता, "वर्धा, वर्धा, वर्धा!"

"हे काय?"

"आर्वीचा समुद्र," मी म्हटलं. तो इतका हसला, इतका हसला... आणि मग म्हणाला, "जागृती, आज पाण्याकडे बघवत नाही गं." त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला 'गं' म्हटलं. एवढा मोठा महाराष्ट्र कोणी केला, असं झालं मला.

मे लागला आणि आईनं सांगितलं की हिंगणघाटचं स्थळ रविवारी पाहायला येतंय. माझी आई, मंदाबाई. बाबांच्या मागे तिनं मला एकटीनं वाढवलं. तिला 'नाही' म्हणायला कारण तर हवं! मी नागसेनला फोन लावला.

"रविवारी मले पाहाले येऊन राह्यले. मले एकदा तुमच्याशी समोरासमोर बोलाचं हाय. मोडा ना तुमचा नियम."

लाटांच्या आवाजातून तो म्हणाला, "मीच मोडला तर उद्या गावात कोण पाळेल?"

"मंग बसा कासवं राखत!" मी फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला. "तुझ्या समुद्रावर उभा आहे."

धावत डेपोवर गेले. घामानं भिजलेला, डोळे लाल, शर्टाची पार रया गेलेली. एवढ्या लांबून आलेला माणूस मला पाहून नुसता उभा राहिला.

"शेवटच्या घरट्यातली पिल्लं परवा गेली," तो म्हणाला. "आणि मी निघालो. पाहुणी म्हणून तुला बोलावता येत नाही, जागृती. पण... गावच्या सुनेला नियम नाही."

भर डेपोत! पानठेल्यावाला बघत होता. मला त्याला मिठी मारायची होती. पण मी कमरेवर हात ठेवले. त्याच्या नियमापायी मी दोन महिने झुरले होते, आता माझी पाळी होती.

"आमच्याइथं बी नियम हाय. पोरगा एकटा नाई येत मागनी घालाले. मायबापाले घेऊन येजो."

"अगं, मी आत्ता तर पोचलो!"

"मंग? थे पाहा, वर्ध्याची गाडी लागलीच हाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग, खरंच, गाडीत चढला! नियमाचा माणूस. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला, मी बोटं धरली आणि गाडी हलली. बोटं सुटली तशी माझी सगळी मस्ती उतरली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, पिल्लापासून डेपोपर्यंत. ती सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"लय लांब हाय वो माय थे गाव," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मीही रडायला लागले. "आन् थो पोरगा कुठी हाय आता?"

"धाडला परत. मायबापाले आनाले."

"जेवला?"

मी नाही अशी मान हलवली.

आईनं सूप बाजूला आपटलं. "मुलखाच्या त्या टोकावून पोरगा आला आन् तू त्याले उपाशी वाटे लावलं? हेच शिकवलं का मी तुले? हिंगणघाटवाल्यायले काय सांगाचं थे मी पाहीन. लाव त्याले फोन!"

मी फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"उतर," मी म्हटलं.

"कुठे?"

"अशीन तिथं उतर. मी मेघाची स्कूटी घेऊन येते. माय म्हने, जेवून जाय."

मग तो कंडक्टरला ओरडताना ऐकू आला, "थांबवा, थांबवा!"