बौद्धवाड्याचा हापसा

“पाणी आटलं म्हणं! मग दांडा असा ढिला का लागायलाय?” पंचशीलानं हापशाचा दांडा एका बोटानं वर-खाली करून दाखवला.

भीमा आणि मन्मथ बघतच राहिले. तिघंही सातवी पास, मे महिन्याच्या सुटीत मोकाट. कैऱ्या पाडायला निघालेले, ते बौद्धवाड्यातल्या या बंद हापशापाशी अडकले. हापसा बसवताना पंचशीला दिवसभर तिथं उभी होती. पाणी खाली गेलं, तरी आतल्या सळयांचं वजन हाताला लागायलाच हवं, असं तिचं म्हणणं. म्हणजे आत काहीतरी निसटलेलं होतं. तालुक्याचा मेकॅनिक मात्र फटफटीवरून खाली न उतरताच ‘दुष्काळ हाय, पाणी आटलं’ असं सांगून निघून गेला होता. मोठ्यांनीही माना डोलावल्या. सगळं दुष्काळावर ढकललं की कुणाला काही करावं लागत नाही!

करावं लागत होतं ते पंचशीलाच्या आईला. सुमनबाई रोज शेषेराव पाटलांच्या आडापासून लांब, घागर घेऊन उभी राहायची. पाटलीणबाईंना सवड झाली, मर्जी झाली, की त्या वरून पाणी ओतायच्या. आडाला हात लावायची सोय नव्हती. ते बघून पंचशीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हापसा उघडायला पाने हवे होते. ते होते शाळेत, कार्यानुभवाच्या पेटीत. ‘हापसा दुरुस्ती’ हा विषयच होता त्यांना! वर्षभर मुलं काय शिकली? पाने बाहेर काढायचे, तेल लावून पुसायचे, परत ठेवायचे. एक नट कुणी फिरवला नाही. हत्यारं झिजतील ना. लातूर जिल्हा नवा झाल्यापासून कोणता साहेब कधी उगवेल याचा नेम नव्हता, आणि विरूपाक्ष गुरुजींना पेटी चकचकीत हवी होती.

“मग तेलच लावू की,” मन्मथ म्हणाला.

तिघं साळसूद चेहऱ्यानं गुरुजींच्या दारात गेले. सुटीतही हत्यारांची निगा राखावी म्हणतो, असं मन्मथनं सांगितलं. गुरुजी गहिवरले. किल्ली दिलीच, वर मूठमूठ शेंगदाणेही दिले.

हापशाचं झाकण उघडलं, तर काय? बोल्ट निघून साखळी दांड्यावरून सुटली होती. एवढंच! मुलांनी दोरीनं साखळी वर ओढून धरली आणि पंचशीलानं बोल्ट आवळला. तिच्या बोटांची सालं निघाली, पण दांडा जड झाला. आधी तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ.

बघता बघता गाव जमलं. गुरुजींना आधी पान्यांवरचे ओरखडे दिसले. ते ओरडणार, तोच कुणीतरी शाळेचं कौतुक केलं, तशी त्यांची छाती फुगली. हाच खरा कार्यानुभव, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. पाटलांनी दुरूनच शाबासकी दिली.

पाटलीणबाई मात्र मनापासून म्हणाल्या, “लई हुशार निघालीस गं. बरं झालं, आता तुझ्या मायला आमच्या आडावर यायला नको.”

ती शाबासकी पंचशीलाला कडूजहर लागली.

“तुमचा आड आटला तर तुम्ही या की, पाटलीणबाई,” ती म्हणाली. “आपल्या हातानं हापसा, आपली घागर भरा. आम्ही वरून वतत न्हाई.”

सुमनबाईनं घाबरून लेकीचा दंड धरला, पण तिला गप्प बस म्हणाली नाही.