पडद्यावर नसलेले चित्र

दूरहस्त प्रयोगशाळेतला प्रोसेसर भर दुपारी जळाला, तेव्हा घोरपड बोगद्याच्या पोटात होती आणि तिची करवत सरला भोपीच्या मांडीपासून हातभर अंतरावर होती.

घोरपड हे यंत्राचे नाव. सहा पायांवर सरपटणारे, पुढे एक पोलादी हात, हाताच्या टोकाला हिरकणी लावलेली करवत. ते चालवायचे ते कोल्हापूरच्या या प्रयोगशाळेत बसून. घाटाखालच्या जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा सकाळी खचला होता. बाकीचे लोक बाहेर पडले, भूगर्भतज्ज्ञ सरला मात्र आतच राहिली. छताला आधार देणारी पोलादी कमान तिच्या मांडीवर आडवी पडली होती. फुटलेल्या झऱ्याचे पाणी तिच्या कमरेपर्यंत आले होते. दगडमातीतल्या फटीतून माणूस जाणे शक्य नव्हते. घोरपड कशीबशी आत गेली, पण त्या खटपटीत तिच्यावरचा बोलण्या-ऐकण्याचा संच तुटला. त्यामुळे सरलाला काही विचारण्याची सोय उरली नव्हती.

"प्रोसेसर गेला, त्याच्याबरोबर ग्राफिक्स कार्डही गेलं," ऋजुता हुक्केरी संगणकाचे झाकण उघडत म्हणाली. संगणकाची सगळी जबाबदारी तिच्यावर होती. "प्रोसेसर आहे दुसरा. सरावाच्या यंत्रासाठी आणलेला तो नवा गेमिंगचा. आपल्या कामाला तोच उत्तम. खेळात लागतात तसे क्षणोक्षणीचे हिशेब तो झपाट्यानं करतो. प्रश्न कार्डाचा आहे."

टेबलावर दोन खोकी होती. एकात मोठे, तीन पंख्यांचे कार्ड. दुसऱ्यात साधे, तळहाताएवढे.

"मोठं लाव," इरफान बागवान म्हणाला. घोरपडीचा हात तो चालवायचा. वयाच्या बाराव्या वर्षापासून तो व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत उतरला होता आणि देशभर जिंकला होता. त्याच्यासारखा हात प्रयोगशाळेत दुसऱ्या कुणाचा नव्हता. "त्या छोट्यावर चित्र अडखळत येणार. अडखळत्या चित्रावर मी करवत कशी चालवू?"

"मोठ्यावर चित्र लोण्यासारखं येईल, पण ते खरं नसेल," ऋजुता म्हणाली.

"म्हणजे काय? नीट सांग," डॉ. यमुना शेवडे पुढे झाल्या. घोरपड त्यांनीच घडवली होती. निर्णयही त्यांनाच घ्यायचा होता.

"मॅडम, गढूळ पाण्याखाली कॅमेऱ्याला काही दिसत नाही. म्हणून आपण पाण्यात ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी गोळा करतो. त्यावरून कमान कुठे, पाय कुठे, हे प्रोसेसर ठरवतो. कार्ड फक्त ते रंगवतं. हा प्रोसेसर सेकंदाला तीसेक वेळा सांगू शकेल. ती आपली सत्यचित्रं. मोठं कार्ड सेकंदाला तीनशे चित्रं काढतं. मग उरलेली कुठून आणायची? ते मनानं काढतं. आधीच्या चित्रांत पाय ज्या दिशेला चालला होता, त्याच दिशेला आणखी थोडा गेला असेल असं धरून. ही अनुमानचित्रं. छोट्याला ती काढताच येत नाहीत."

"खेळात चालतं ते," इरफान म्हणाला.

"खेळात चुकलं तर पुढच्या चित्रात पुसलं जातं. इथे त्या मधल्या वेळात करवत खाली आलेली असेल."

"अनुमान बंद करता येत नाही?" शेवडेंनी विचारले.

"येईल, पण त्याची आज्ञावली नव्यानं लिहावी लागेल. तेवढ्या वेळात पाणी कुठे जाईल ते बघा."

ऋजुताने मोठे कार्ड बसवले आणि सकाळी नोंदलेले प्रतिध्वनी त्यावर चालवून दाखवले. सरलाने पायाला हिसका दिला होता आणि कमानीला अडकून पाय थांबला होता. पडद्यावर मात्र तो थांबला नाही. निमिषभर तो कमानीच्या आरपार गेला आणि मग पुन्हा जागेवर आला. सगळे इतक्या सफाईने झाले, की ठाऊक नसते तर कुणालाच शंका आली नसती.

"छोटं लावा," शेवडे म्हणाल्या.

पडदा पुन्हा उजळला, तेव्हा पाणी सरलाच्या छातीशी आले होते. चित्र हिसके देत येत होते. राखाडी कमान, तिच्याखाली फिकट पिवळा पाय. इरफानने दोन्ही हात नियंत्रकावर ठेवले. ऋजुता शेजारच्या पडद्यावर उघडे आकडे बघत होती. करवत आणि पाय यांच्यातले अंतर तिथे सरळ मिलिमीटरमध्ये दिसत होते.

करवत कमानीत शिरली. पहिला काप सरळ गेला. दुसरा पायाला खेटून घ्यायचा होता. इरफान थांबला, कपाळावरचा घाम त्याने दंडाला पुसला.

"हलवला! तिनं पाय बाजूला घेतला," तो एकदम ओरडला. "आता जागा आहे, घेतो काप!"

ऋजुताच्या पडद्यावरचा आकडा वाढला नव्हता, उलट झपाट्याने उतरत होता. तिने मधल्या टेबलावर अक्षरशः झेप घेतली आणि लाल बटणावर मूठ मारली. करवत थांबली.

"काय केलंस? जागा झाली होती!"

"पाय हललेला नाही, इरफान. बोटभरसुद्धा जागा नव्हती!"

"मी डोळ्यांनी पाहिलं!"

शेवडेंनी नोंद मागे नेली आणि एकेक चित्र पुढे सरकवले. पहिल्या चित्रात पाय कमानीखाली, पुढच्यात तिथेच, त्याच्या पुढच्यातही तिथेच. कंबर किंचित वळलेली, ताठ झालेली, एवढाच काय तो बदल. पाय बाजूला घेतल्याचे चित्र कार्डाने काढलेच नव्हते.

इरफान पडद्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"मग मी काय बघितलं?"

मग शेवडे हळू आवाजात म्हणाल्या, "आपण प्रोसेसरला साजेसं कार्ड निवडलं, पण साखळी तिथे संपत नव्हती. तुझी नजर इतकी वर्षं सेकंदाला तीनशे चित्रांवर तयार झालीय. आम्ही तुला तीसच दिली. मधली तुझ्या मेंदूनं काढली. ते मोठं कार्ड आम्ही काढून ठेवलं खरं, पण त्याच्यापेक्षा मोठं तुझ्या डोक्यात बसलेलं आहे."

"मग मी सावकाश चालवतो. लक्ष ठेवून."

"लक्ष ठेवून ते थांबत नाही. आत्ताही तू लक्षच देत होतास."

पाणी सरलाच्या खांद्याला लागले होते. इरफानने नियंत्रकावरून हात काढले. तो उठला आणि खुर्ची शेवडेंपुढे सरकवली.

"तुम्ही बसा, मॅडम. तुम्ही कधी गेम खेळला नाहीत ना?"

"पत्तेसुद्धा नाही."

"म्हणूनच. तुम्हाला अडखळतं ते अडखळतंच दिसेल. मी पडद्याकडे पाठ करतो. ऋजुता आकडे सांगेल, हात कसा ठेवायचा ते मी सांगतो."

साठीच्या शेवडे नियंत्रकापुढे बसल्या. इरफान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मागे वळून बघण्याची इच्छा त्याला इतकी अनावर झाली, की शेवटी त्याने डोळेच मिटून घेतले.

"सोळा," ऋजुता म्हणाली.

"मनगट सैल, मॅडम. ढकलू नका, करवतीला तिचं तिचं उतरू द्या."

"चौदा. चौदा. बारा."

"हिसका बसला की थांबायचं. पुढचं चित्र येऊ द्या, मग सरकायचं."

शेवडेंचे काम भयंकर संथ होते. पाणी हनुवटीला लागले. सरलाने मान मागे टाकली. ऋजुताचे आकडे थांबत नव्हते. मग करवतीवरचा ताण एकदम हलका झाला. कमानीचा तुकडा पायावरून घसरून तळाला गेला. घोरपडीने अंगावरचा लोखंडी हुक सरलाच्या कमरपट्ट्यात अडकवला आणि तिला ओढत उंचवट्यावर आणले. इरफानने डोळे उघडले ते ऋजुताच्या रडण्याने.

चार-पाच दिवसांनी तो एकटाच सरलाला भेटायला रुग्णालयात गेला. घडले ते त्याने काहीही न लपवता सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. करवत मध्येच थांबली तिथपर्यंत तो आला, तेव्हा ती उशीला टेकून उठून बसली.

"थांबा. त्याच वेळी मी पाय ओढला होता. करवत जवळ आल्याचं कळलं आणि होती नव्हती ती ताकद लावली. आणि पाय सुटला."

"नाही, ताई. नोंद आहे आमच्याकडे. पाय जागेवरच होता."

"तेच सांगतेय. मला तो सुटल्याचं जाणवलं. बाजूला घेतला, गुडघा वाकवला, सगळं जाणवलं. करवत थांबली म्हणून मी पाण्यात हात घालून चाचपलं, तर पाय कमानीखालीच. बधिर, दगडासारखा."

तिची कंबर वळलेली इरफानने पाहिली होती, पुढचे त्याच्या मेंदूने काढले होते. तिच्याही मेंदूने तेच काढले होते. जिचा पाय होता तिलासुद्धा खरे कळायला हात लावून बघावे लागले होते.

"डॉक्टर म्हणतात, संवेदना परततेय," सरला म्हणाली. तिने पांघरूण बाजूला केले आणि पट्ट्यांतून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे रोखून पाहिले. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आत्ता हलवला मी. हलला ना?"

हलल्यासारखे इरफानला स्पष्ट दिसले होते. उत्तर त्याच्या ओठांवर आले होते. त्याने ते गिळले.

"हात लावून बघू का, ताई?" त्याने विचारले.